शेतावरचा जुना संडास पाडण्यापूर्वी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. शेतावरचा तो जुना लाकडी संडास पाडून जागा मोकळी करावी, असे तुझ्या मनात दिसते. पाडायचा की ठेवायचा, हे तूच ठरव. मात्र त्याआधी त्याची मापे घे आणि त्याचे खड्डे कुठे कुठे होते याचा शोध घे, असे मी तुला आग्रहाने सांगतो. ज्याने तो बांधला त्याने पुष्कळ विचार केलेला आहे आणि तो विचार त्या फळ्यांमध्ये अजून वाचता येतो.

बैठकीचेच पाहा. एक मोठे भोक आणि शेजारी, जरा कमी उंचीवर, एक लहान. लहान भोक मुलांसाठी असे, म्हणजे मूल तोल जाऊन आत पडण्याची भीती राहत नसे. दोन्ही भोकांच्या कडा कानशीने घासून गोल केलेल्या आहेत, आणि मोठ्या भोकाची पुढची कड तर वापरून वापरून गुळगुळीत होऊन चकाकते आहे. त्यावरचे बिजागरीचे झाकण माशांसाठी होते. खड्ड्यातल्या मैल्यावर बसलेली माशी थेट स्वयंपाकघरात येते आणि तिच्या पायांबरोबर हगवण येते. म्हणून झाकण पाडणे आणि वर मूठभर राख टाकणे, हा घरातल्या प्रत्येकाला लावलेला नियम असे. राखेने ओल शोषली जाते आणि दुर्गंधीही कमी होते.

दारावरच्या चंद्रकोरीबद्दल तू विचारले आहेस. चंद्रकोर स्त्रियांसाठी आणि तारा किंवा सूर्य पुरुषांसाठी, अशी गोष्ट सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही. उजेड आणि वारा आत यावा, हा त्या भोकाचा उपयोग मात्र खरा.

हवेचा प्रश्न पुढे फार सुंदर रीतीने सुटला. 1970 च्या दशकात, आजच्या झिंबाब्वेमध्ये, पीटर मॉर्गन या संशोधकाने ब्लेअर या आरोग्य-संशोधन प्रयोगशाळेत एक साधी रचना विकसित केली. खड्ड्यातून छपराच्या वर जाणारा उभा नळ बसवायचा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावायची. नळाच्या तोंडावरून वारा वाहिला की खड्ड्यातली हवा वर ओढली जाते आणि खोलीतली हवा भोकातून खाली उतरते, त्यामुळे वास खोलीत येत नाही. खोली अंधारी ठेवली की खड्ड्यातल्या माशा उजेडाकडे, म्हणजे नळातून वर जातात आणि जाळीपाशी अडकून मरतात. यंत्र नाही, वीज नाही, पाणी नाही! मला हे फार मोठे काम वाटते.

आता जागेविषयी. तुझा संडास विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला आहे, हा योगायोग नसावा. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यात साधारण दोन मीटर कोरडी माती असावी, असे आजही सांगतात. ज्यांनी हे पाळले नाही त्यांच्या विहिरींचे पाणी दूषित झाले. जिथे संडासच नव्हते तिथे वेगळे संकट होते. अमेरिकेच्या दक्षिणेत अंकुशकृमी, म्हणजे आतड्यात राहून रक्त शोषणारे जंत, ओल्या, उबदार मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरत आणि माणसे रक्तक्षयाने खंगत. त्यावर 1909 साली धनाढ्य तेल-उद्योगपती रॉकफेलर यांच्या देणगीतून आयोग नेमला गेला. औषधाइतकाच त्याचा भर चांगल्या संडासांवर होता. पुढे 1930 च्या दशकातल्या मंदीत तिथल्या सरकारने बेकारांच्या हाताला काम देऊन वीस लाखांहून अधिक संडास ग्रामीण भागात बांधवले, काँक्रीटच्या पायासकट. एवढ्या साध्या बांधकामाने किती मुले वाचली असतील, याचा विचार मनात आला की ती मोडकी खोली मला उपेक्षेने पाहवत नाही.

खड्डा भरत आला की शेजारी नवा खणायचा, त्याच्या मातीने जुना बुजवायचा आणि खोली उचलून नव्या खड्ड्यावर बसवायची, अशी रीत होती. त्यामुळे तुझ्याकडे एकच खड्डा असेल असे समजू नकोस. जमिनीला खळगा पडलेला दिसला, किंवा एखाद्याच पट्ट्यात गवत जास्त हिरवे दिसले, तर तिथे खुंटी ठोकून ठेव. तिथून ट्रॅक्टर नेऊ नकोस, कारण बुजवलेली माती वर्षानुवर्षे खचत राहते. उघड्या खड्ड्यात स्वतः उतरू नकोस. कडा ढासळतात आणि तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो. गोल जंतांची अंडीही मातीत कित्येक वर्षे तग धरतात, म्हणून तिथली माती भाजीच्या वाफ्यात घालू नये.

पुरातत्त्वज्ञ मात्र अशा खड्ड्यांवर जीव टाकतात. फुटक्या बश्या, औषधांच्या बाटल्या, गुंड्या, फळांच्या बिया असे घरातले सारे तिथे पडलेले असते, आणि लोक काय खात होते व कशाने आजारी पडत होते, ते त्यातून कळते. तुझ्या खड्ड्यात काही सापडण्याजोगे असेल, तर ते काम जाणकाराच्या हातूनच होऊ दे.

बैठकीची उंची, दोन्ही भोकांचे व्यास आणि दार कोणत्या दिशेला उघडते, एवढे मोजून मला कळव. विहिरीपर्यंतचे अंतरही पावलांनी न मोजता फीत लावून मोज, म्हणजे पाडण्याविषयी मी तुला नेमके मत देऊ शकेन.

तुझा स्नेहांकित