तारा लावण्याआधी गोळ्या विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दातांच्या तारांवरचा लेख वाचला. त्याच्या बरोब्बर खाली तारांचीच जाहिरात! पान लावणाऱ्याचे कौतुक करायला हवे. 'कोणत्याही वयात, कोणालाही' तारा लावता येतात म्हणे. आजार असलेल्यांसाठी शेवटी एक ओळ, 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' झाले काम.

माझ्या मुलाला फिट येतात. त्यावरची फेनिटॉइन ही गोळी लहानपणापासून चालू. शहरातल्या एका चकाचक दवाखान्यात त्याला तारा लावल्या. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, मोबाइल, हप्ते किती पाडायचे, सगळे होते. औषधे कोणती चालू आहेत हा रकानाच नव्हता. मी आपणहून सांगितले, तर उत्तर आले, 'त्याचा दातांशी काय संबंध, मॅडम?'

काही महिन्यांत हिरड्या फुगून तारांवर चढल्या. ब्रश लागला की रक्त. दर वेळी पोरालाच बोलणी, 'हा नीट घासत नाही.' पोराने चारचौघांत हसणेच सोडले. शेवटी फिटच्या डॉक्टरांनी तोंड बघितले आणि म्हणाले, हे गोळीमुळे. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात ही नोंद १९३९ सालची आहे हो! दातांवर घाण साचली की त्या आणखी वाढतात, म्हणून घासायला हवेच, मान्य. पण गोळी बदलता येईल का, हे तारा लावायच्या आधी विचारायचे की नंतर? पुढे डोक्याचा एमआरआय सांगितला, तर तिथले म्हणाले, तारा काढून या, फोटो बिघडतो. काढायचे पैसे वेगळे, पुन्हा लावायचे वेगळे.

बरे, हे फिटपुरतेच नाही. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्या आणि हाड दोन्हींना धोका. हृदयाची झडप बदललेल्यांना तारा अडकवायला दाढेभोवती धातूचे कडे बसवण्याआधी अँटिबायोटिक द्यावे लागते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही बायका ज्या गोळ्या घेतात, त्यातल्या काहींनी दात सरकायला फार वेळ लागतो. 'कोणत्याही वयात' लिहिताना यातले एकही आठवू नये?

येत्या रविवारी एवढे तरी छापा, जाहिरातीतून जागा उरली तर.

– एक पालक, जुळे सोलापूर

ता. क. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करा, असेही लेखात आहे. उजनी भरली तरी आमच्या नळाला रोज पाणी नाही. महापालिकेलाही एक पुरवणी काढा.