दादाच्या नावाची शिष्यवृत्ती

सांगली

प्रिय मित्रा,
स. न.

दादाचं वर्षश्राद्ध पार पडलं. आई तुझ्याशी फोनवर बराच वेळ बोलली म्हणे, पण खरी गोष्ट तिने सांगितली नसणार. म्हणून हे पत्र.

बाबांनी दादाच्या नावाने ठेव ठेवली होती, तुला माहीतच आहे. सेरेब्रल पाल्सी असलेलं, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेलं मूल ज्या घरात असतं, तिथल्या आईबापांना एकच घोर असतो: आपल्यामागे याचं कोण करणार? त्यासाठी बाबा पगारातून आणि नंतर पेन्शनमधूनही पैसे बाजूला काढत राहिले. आणि दादा आईच्या आधी गेला. ठेव तशीच राहिली. कुणी म्हणालं देवळाला द्या, कुणी म्हणालं व्हीलचेअर वाटा. आई म्हणाली, "खुर्च्या देणारे मिळतात. खुर्चीत नीट बसवणारं माणूस मिळत नाही."

जत तालुक्यातली ती मुलगी आठवते ना, विशेष शिक्षणाची पदविका करता करता संध्याकाळी आमच्याकडे यायची? ती दादाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीला बसायची. त्याची मान किंचित पुढे झुकवायची, चमचा खालून आणून जिभेच्या मधोमध टेकवायची आणि ओठ मिटेपर्यंत थांबायची. पातळ पाण्याने दादाला ठसका लागायचा, म्हणून वरणसुद्धा दाटच. वाटीभर मऊ भाताला पाऊण तास लागायचा, पण तिने कधी घाई केली नाही.

२०१९च्या पुरात गावभागात पाणी शिरलं, होडी दाराशी आली आणि दादाचं अंग भीतीने लाकडासारखं ताठ झालं. उचलायला माणसं धावली, तिने त्यांना थांबवलं. आधी त्याचे गुडघे आणि कंबर दुमडून त्याला पोटाशी धरलं, त्याच्याशी बोलत राहिली. अंग सैल पडल्यावरच उचलू दिलं. हे शिकावं लागतं रे. नुसत्या मायेने येत नाही.

तिच्या वर्गातल्या काही मुलींनी शिक्षण मध्येच सोडलं. फी कशीबशी जमते; खोलीभाडं, मेस आणि एसटीचा पास जमत नाही. तू रयतमध्ये 'कमवा आणि शिका'च्या जोरावर पदवी घेतलीस. इथे प्रात्यक्षिकासाठी विशेष शाळेत किंवा दवाखान्यात दिवस जातो, कमवायला वेळ उरत नाही. वाचा-श्रवण उपचाराच्या पदवीला तर चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. शिवाय विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२चा कायदा आहे. शिक्षण अर्धवट सुटलं की अंगात कसब असूनही दार बंद. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ते योग्यच झालं. पण तेवढी शिकलेली माणसं कुठून येणार?

म्हणून दादाच्या नावाने शिष्यवृत्ती. नवा ट्रस्ट काढून कागदपत्रांत अडकायचं नाही. एखाद्या जुन्या, भरवशाच्या संस्थेकडे कायम निधी द्यायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वापरायचं. पैसे दरमहा थेट मुलांच्या खात्यात. शाल-श्रीफळ देऊन एकदाच धनादेश हातात ठेवायचा नाही, कारण खोलीभाडं दर महिन्याला द्यावं लागतं. पदवीवाल्यांइतकाच हक्क काळजीवाहकांचा छोटा अभ्यासक्रम करणाऱ्यांचा, ही आईची अट. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणारी माणसं तीच, नाहीतर पाठीला जखमा होतात.

निवडीवरून मात्र घरात मतभेद आहेत. धाकटा म्हणतो, गुणांवर द्या, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. मला ते पटत नाही. बारावीचे टक्के बघून चमचा धरून कोण थांबेल ते कळत नाही. अर्जदाराने आधी आठवडाभर विशेष शाळेत काम करावं आणि तिथल्या बाईंचं मत घ्यावं, असं मी सुचवलंय. पण त्या आठवड्याचा प्रवासखर्च आपणच द्यायचा, नाहीतर आटपाडी-जतची मुलं तिथेच गळतील.

निवड समितीत मला तू हवा आहेस. इतकी वर्षं तू साताऱ्यात गरीब घरची मुलं शिकवलीस, अर्जामागची परिस्थिती तुला वाचता येते. नियमांचा कच्चा मसुदा सोबत जोडलाय. लाल शाईने हवं तिथे खोड. उत्पन्नाच्या अटीचं कलम नीट बघ: शेतमजुराच्या मुलीला दाखल्यासाठी तहसीलचे खेटे घालावे लागू नयेत, असं काही सुचतंय का? दिवाळीआधी कागद पक्के करायचे आहेत. पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन ये, आईला तुझ्याशी समोरासमोर बोलायचंय.

तुझाच,
जुना बाकमित्र