बाबा, कानाचे यंत्र कपाटातून बाहेर काढा

नाशिक, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आई मध्ये निरोप्याचे काम करते आणि निम्मे बोलणे तिच्यापाशीच राहते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ‘हल्ली कशात मन रमत नाही,’ असे बाबा म्हणतात आणि येणारा-जाणारा त्याचे खापर वयावर फोडतो. मला ते पटत नाही. वयाने गुडघे कुरकुरतात हे खरे. पण माणसांची आणि कामाची गोडीच जाणे हा काही म्हातारपणाचा नियम नव्हे.

बाबा, एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक असताना तुमचा दिवस गाड्यांच्या वेळांनी बांधलेला होता. निवृत्तीनंतर ती बांधणी सुटली, तरी गांधी मैदानावरच्या सकाळच्या मंडळींमुळे काही वर्षे निभावले. मग तेथे जाणेही थांबले. त्याचे कारण तुम्ही गुडघा सांगता, पण मला कान वाटतो. चार माणसे एकदम बोलू लागली की तुम्हाला शब्द लागत नाहीत, विनोद झाला की तुम्ही इतरांकडे पाहून हसता, आणि असे वारंवार झाल्यावर घरी बसणेच बरे वाटू लागते. मोठ्या हौसेने आणलेले यंत्र मात्र ‘भांड्यांचा आवाज डोक्यात जातो’ म्हणून कपाटात पडून आहे. तुमची तक्रार रास्त आहे. ज्या आवाजांची मेंदूला सवय उरलेली नाही, ते सगळे एकाएकी परत आले की त्रास होणारच. ती सवय पुन्हा जडायला काही आठवडे जातात. म्हणून सुरुवातीला शांत खोलीत, फक्त आईशी बोलताना, तासभर यंत्र लावावे, हळूहळू वेळ वाढवावी, आणि आवाज बोचत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, त्याची जुळणी करून घ्यावी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण आटोक्यात आणता येण्याजोगे 14 घटक सांगितले, त्यांत कमी ऐकू येणे, नैराश्य आणि माणसांपासून तुटणे ही तिन्ही आहेत. आपल्या घरात या तिन्हींचे धागे एकमेकांत गुंतलेले मला दिसतात.

‘मन लागले की जाईन,’ हे तुमचे म्हणणे मानसोपचारात उलटे धरतात. आधी ठरल्या वेळी बाहेर पडायचे, मन मागाहून येते. टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकाची चढण आता नको, सपाट मैदानावर चालणे पुरेसे आहे. पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यात निदान 150 मिनिटे, मध्यम वेगाने चालण्यासारखी हालचाल करावी आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी गेलात तर आणखी एक लाभ आहे: डोळ्यांवर पडलेल्या उजेडाने मेंदूतले घड्याळ लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येते. तुम्ही पहाटे तीनला जागे होऊन मोबाइलवर बातम्या पाहता, त्याचे मूळ दुपारच्या दोन तासांच्या झोपेत आणि संध्याकाळी सहाच्या चहात शोधावे. चहातले कॅफिन निम्मे उतरायलाच पाच-सहा तास लागतात. दुपारी अर्धा तास पडावे, तेही तीनच्या आत. झोपेची गोळी मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. या वयात तिने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

आई, तू तर कधी निवृत्तच झाली नाहीस. बाबा एकटे राहतील म्हणून तू गुरुवारचे भजनी मंडळ सोडलेस, हे मला मुळीच आवडलेले नाही. ते दोन तास तुझे आहेत. त्या दिवशी मेथी बाबांनी निवडावी. कोवळे देठ ठेवायचे, जून काढायचे, एवढे त्यांना सांगून ठेव, आणि जुडी अर्धी वाया गेली तरी बोलू नकोस. हाताला काम असले की त्यांचा स्वभावही निवळतो, हे मी दिवाळीत फराळाच्या वेळी पाहिले आहे.

एवढे करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा भूक आणि झोप आणखी खालावली, तर मग नुसत्या दिनचर्येवर विसंबता येणार नाही. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर औषधोपचार आहेत. बाबा मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि आपले घर शाकाहारी. या दोन्हींमुळे बी-12 जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि मरगळ येते. तेव्हा बी-12 आणि थायरॉइड यांची तपासणी या आठवड्यातच करून घ्यावी. रात्री-अपरात्री फारच अस्वस्थ वाटले, तर 14416 हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, तेथे चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मी तो आईच्या फोनमध्ये घालून देईन.

येत्या शुक्रवारी रात्री निघून मी शनिवारी सकाळी पोहोचते. ऑडिओलॉजिस्टची अकराची वेळ घेतली आहे. बाबांनी यंत्र, त्याच्या बॅटऱ्या आणि जुना श्रवणचाचणीचा कागद एका पिशवीत काढून ठेवावा.

कळावे,
तुमची,
नीलू