सतरंज्या उचलण्याआधी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. विद्यार्थी संघटनेची मंडळी कॉलेजच्या निवडणुकीला उभी राहा म्हणून मागे लागलीत, आत्या म्हणते राजकारण म्हणजे गटार, आणि तू विचारतेस, राजकारण मुळात चांगलं असतं का, आणि माझं वय तरी आहे का त्याचं? फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

मुळात चांगलं, मुळात वाईट असं काही नसतं गं. एकमेकांशी न पटणाऱ्या माणसांना डोकी न फोडता काहीतरी ठरवावं लागतं, ते राजकारण. आपण अंग काढून घेतलं तरी ते थांबत नाही, आपल्या वतीने दुसरं कुणीतरी ठरवतं. आत्या नाक मुरडून बाजूला होते आणि मग वर्षभर कुरकुरत बसते. (हे तिला सांगू नकोस.)

राहिला वयाचा मुद्दा. राज्यकारभाराची विद्या तरुणांच्या पचनी पडत नाही, असं ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल म्हणून गेलाय. कारण त्यांना अनुभव नसतो आणि ते भावनेच्या मागे धावतात. गंमत म्हणजे त्याचाच शिष्य अलेक्झांडर विसाव्या वर्षी गादीवर बसला. पण अ‍ॅरिस्टॉटलने पुढे असंही म्हटलंय, की वयाने कोवळा असो की स्वभावाने, दोष तोच. तेव्हा पन्नाशीतल्या पोरकट पुढाऱ्यांनाही तो सोडत नाही. अमेरिकेत तर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना सक्तीने व्हिएतनामच्या लढाईवर धाडत होते आणि मताचा हक्क मात्र बहुतेक राज्यांत 21 व्या वर्षी होता. तो 18 वर आला 1971 मध्ये.

मला काळजी तुझ्या वयाची नाही, तुला कोण कशाला वापरतंय याची आहे. 1966 मध्ये चीनमध्ये माओने शाळा-कॉलेजातल्या पोरांना हाक दिली. पोरं पेटून उठली, आपल्याच शिक्षकांना भर सभेत उभं करून मारलं. वाटत होतं आपण क्रांती करतोय. दोन वर्षांत त्यांची गरज संपली. सैन्याने त्यांना आवरलं आणि लाखोंची रवानगी खेड्यांत झाली. निष्ठा खरी होती त्यांची, पण निर्णय त्यांचे नव्हते.

आता दुसरी पोरं बघ. 1 फेब्रुवारी 1960, अमेरिकेतलं ग्रीन्सबरो. कॉलेजच्या पहिल्या वर्षातले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका मोठ्या दुकानात गेले. तिथे सामान कुणालाही विकत, पण खाण्याच्या काउंटरवर बसायचा मान फक्त गोऱ्यांना. चौघांनी आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, मग काउंटरवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही. पण तिकडे आमचे पैसे घेता, मग इथे का नाही, हे विचारायला हातात पावती होती! दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, सोबत आणखी मुलं घेऊन. आठवडा संपेपर्यंत शेकडो झाले. जुलैअखेर तो काउंटर सगळ्यांना खुला झाला.

मला त्या पावत्यांचं फार कौतुक वाटतं. आदल्या रात्री खोलीत बसून नीट विचार केल्याशिवाय हे सुचत नाही. आणि तो विचार त्यांचा त्यांनी केला होता, वरून कुणी चिठ्ठी पाठवली नव्हती.

म्हणून उभी राहायला माझी ना नाही. अभ्यासाचं मी बोलत नाही, ते बाबा बोलतील. फक्त हो म्हणण्याआधी त्या मंडळींना विचार: उमेदवार कोण ठरवतं, पोस्टरचे पैसे कुठून येतात, गेल्या वर्षी निवडून आलेल्यांनी वर्षभर काय केलं, आणि संघटनेची एखादी भूमिका तुला पटली नाही तर तसं उघड बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नावर कोण कोणाकडे बघतं, तेही नीट पाहून ठेव. सतरंज्या उचलायला माणसं सगळ्यांनाच हवी असतात. बैठकीत बोलायला हवीत का, ते तिथेच कळेल.

काय म्हणाले ते कळव.

तुझी,
आई