‘ढगाळ सुडोकू’तला ढग एक घर चुकला

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘ढगाळ सुडोकू’ दिलेत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. मी महाबळेश्वरच्या वेधशाळेत २६ वर्षे निरीक्षक होतो, आता वाईला असतो. ढग मोजण्याचे आमचे काम सुडोकूत आलेले पाहून फार आनंद झाला. कोड्यात मात्र एक चूक राहिली आहे, म्हणून हे पत्र.

नियम असा होता: ज्या घरात ढगाचे चित्र आहे, त्याच्या शेजारच्या घरांपैकी जितक्या घरांत सम अंक, तितकाच अंक ढगाच्या घरात. हा नियम ज्याने केला त्याला वेधशाळेची वही माहीत असणार. निरीक्षक सकाळी साडेआठला उघड्यावर उभा राहतो, मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करतो आणि त्यातले किती झाकलेत ते लिहितो. ऑक्टा म्हणतात त्याला. कुठे एखादा पुंजका असला तरी १. सगळे आभाळ भरलेले असून एका फटीतून निळे दिसले, तर ८ नाही, ७ लिहायचे. आणि ९ म्हणजे आकाशच दिसत नाही. जुलैत धुके अंगणात उतरले की मी दिवसचे दिवस ९ लिहिले आहेत. तुमच्या कोड्यातही ढगाच्या घरात ९ येऊच शकत नाही, कारण कोपऱ्याची घरे धरूनही शेजारी आठच. हे इतके चपखल बसले आहे की मी ते कोडे कापून जुन्या डायरीत ठेवले.

आता चूक. पाचव्या आडव्या ओळीतल्या पाचव्या घरात, म्हणजे मधल्या चौकोनाच्या अगदी मध्यावर, एक ढग छापला आहे. चौकोनाच्या मधल्या घरात ढग कधीच बसू शकत नाही. तिथले आठ शेजारी म्हणजे त्याच चौकोनातली उरलेली आठ घरे. चौकोनात सम अंक चारच: २, ४, ६, ८. मधला अंक सम धरला तर भोवती सम उरतात तीन, मग मधे ३ हवा, आणि ३ तर विषम. मधला अंक विषम धरला तर भोवती चारही सम, मग मधे ४ हवा, आणि तो सम. दोन्हीकडून वाट बंद. सोमवारी आलेल्या उत्तरात त्या घरात ४ आहे आणि भोवती सम अंक तीनच आहेत. त्याच्या लगेच खालच्या घरात मात्र ३ आहे आणि त्याच्या शेजारी बरोबर तीन सम अंक आहेत. छपाईत ढग एक घर वर सरकला असावा.

एक ढग सरकला तर काय बिघडले, असे कोणाला वाटेल. साध्या सुडोकूचे उत्तर एकच यायचे असेल तर किमान १७ अंक दिलेले लागतात. आयर्लंडमधल्या गॅरी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर हे सिद्ध केले. तुमच्या कोड्यात मी मोजले, अंक १४ च होते. उरलेला सगळा भार ढगांवर. थर्मो सुडोकूत तापमापीचे चित्र असते, तिच्या नळीच्या फुग्यापासून टोकाकडे अंक चढत जातात, तिथे फुगा उलट्या टोकाला छापला तर जे होईल तेच इथे झाले.

माझी नात आठवीत आहे. रविवारी दुपारभर ती या कोड्याशी झटत होती. खोडून खोडून मधल्या चौकोनाचा कागद फाटला, तेव्हा ‘आजोबा, मला नाही जमत हे’ म्हणून उठून गेली. तिचे काहीच चुकले नव्हते. रात्री मी तिला वरचा हिशेब दाखवला, तर तिने स्वतःहून आणखी एक गोष्ट शोधली: ढगाच्या घरात ८ यायचा असेल तर ते घर चौकोनाच्या कोपऱ्यातलेच हवे. मी तपासून पाहिले, बरोबर आहे. पण ज्या घरांत तो हिशेब दाखवणारे कोणी नाही, तिथली मुले अजून आपलेच चुकले असे धरून बसली असतील.

म्हणून दोन विनंत्या आहेत. दुरुस्त कोडे येत्या रविवारी त्याच पानावर, चूक कोणती होती ते सांगून, पुन्हा छापावे. आणि नियमात ‘शेजारची घरे’ एवढेच न लिहिता ‘कोपऱ्याला कोपरा लागणारी धरून आठ’ असे स्पष्ट लिहावे. माझ्या ओळखीच्या दोघांनी वर-खाली-डावी-उजवी अशी चारच घरे मोजली होती.

हा प्रकार कृपया बंद करू नका. पावसाळाभर दर रविवारी एक आले तरी आम्हाला हवे आहे. छपाईआधी ढगांच्या जागा कोणी तपासून द्यायला हव्या असतील, तर ते काम मी आनंदाने करीन.

– एक निवृत्त हवामान निरीक्षक, वाई (जि. सातारा)