दादासाठी रात्रभर जागलेल्या आयसीयूतल्या सिस्टरना

नमस्कार सिस्टर,

दादाच्या अवयवदानानंतर जो तो आम्हाला म्हणतो की तुम्ही केवढं मोठं मन दाखवलंत, ट्रान्सप्लांट करणाऱ्या सर्जनचंही कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं, पण आयसीयूचं नाव कोणी घेत नाही आणि तेच मला खटकतं. आम्ही तर फक्त सही केली, ती सही कोणाच्या तरी कामी यावी म्हणून राबलात तुम्ही लोक.

सगळ्यात आधी हे सांगायचंय की तुम्ही दादाला वाचवायलाच झटत होतात. मेंदूत रक्तस्राव झालेला, मग ऑपरेशन, डोक्यातलं प्रेशर कमी करायची औषधं, व्हेंटिलेटर, आणि या सगळ्यात अवयवदान हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं की डॉक्टर लवकर हात वर करतात अशी भीती लोक बोलून दाखवतात, त्यांना मी आता ठामपणे सांगते की असं नसतं, ब्रेन डेथ, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, हे ठरवणारे डॉक्टर ट्रान्सप्लांट टीमचे नसतातच.

ब्रेन डेथच्या त्या टेस्टच्या वेळी मला आत थांबू दिलंत याचे आभार कसे मानू कळत नाही. आधी डॉक्टरांनी खात्री केली की झोपेच्या औषधांचा असर उरलेला नाही, अंग गार पडलेलं नाही, रक्तातली साखर आणि क्षार ठीक आहेत, मगच सुरुवात केली. डोळ्यात उजेड टाकला, बुबुळाला कापूस लावला, कानात बर्फाचं पाणी सोडलं, घशात नळी हलवून खोकला येतो का बघितलं. शेवटी व्हेंटिलेटर काढून, ऑक्सिजन चालू ठेवून, सगळे नुसते त्याच्या छातीकडे बघत उभे होतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून 60 mmHg च्या वर गेला की शरीर आपोआप श्वास घेण्याची धडपड करतं, मेंदूच्या खालच्या भागात जरा जरी जीव असेल तर. छाती हलली नाही. सगळ्या टेस्ट परत एकदा केल्या, तेव्हाही तेच. पण त्यामुळेच माझ्या मनात आज शंका उरलेली नाही, कोमा वेगळा आणि हे वेगळं हे मला डोळ्यांनी दिसलं. नंतर दादाचं बोट हललं म्हणून आई धावत आली तेव्हा तुम्ही तिला जवळ घेऊन सांगितलंत की हे पाठीच्या कण्यातून होतं, मेंदूतून नाही. तिला खोटी आशा दाखवली नाहीत आणि तोडूनही बोलला नाहीत.

आणि दुसरं म्हणजे, दादा गेला हे आधी नीट सांगितलंत, आम्हाला रडू दिलंत, आणि बऱ्याच वेळाने अवयवदानाचं विचारलंत, तेही नाही म्हणालात तरी चालेल असं सांगून. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या असत्या तर वहिनी उठून गेली असती, मी तिला ओळखते.

होकारानंतर मला वाटलं आता तुमचं काम संपलं, पण खरी धावपळ तर तेव्हा सुरू झाली. मेंदू बंद पडला की बीपी कोसळतं, अंग गार पडायला लागतं, लघवीवरचा ताबा ठेवणारं हॉर्मोन बनत नाही म्हणून लिटरच्या लिटर लघवी होते आणि रक्तातलं सोडियम चढतं. तुम्ही तासातासाला लघवी मोजत होतात, तेवढं पाणी भरून काढत होतात, पंपवरची औषधं कमीजास्त करत होतात, गरम ब्लँकेट, फुप्फुसं साफ राहावीत म्हणून सक्शन, कूस बदलणं, सारखी रक्ताची तपासणी. आणि हे सगळं करताना "दादा, जरा कुशीवर वळवते हं" असं त्याच्याशी बोलत होतात. ते मी कधीच विसरणार नाही.

मी नंतर थोडं वाचलं. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा मेडिकलची मुलं पाळ्या लावून पेशंटना हाताने श्वास देत होती, त्यातूनच आजची आयसीयू उभी राहिली म्हणे. मशीन श्वास देऊ लागलं म्हणूनच मेंदू गेलेला आणि हृदय चालू अशी अवस्था दिसायला लागली, आणि 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले. म्हणजे किडनी, लिव्हर असे अवयव या मार्गाने द्यायचे तर मृत्यू आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतानाच व्हावा लागतो, आणि असे मृत्यू फारच थोडे असतात. कितीही लोकांनी कार्ड भरली तरी ते थोडे पेशंट नीट सांभाळणारं कोणी नसेल तर काहीच होत नाही, हे लोकांना कळायला हवं म्हणून तर हे पत्र उघड लिहितेय.

दादाचं हृदय देता आलं नाही, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ते कमजोर दिसलं. ते सांगायला तुम्ही स्वतः बाहेर आलात, आणि आई म्हणाली "त्याने खूप सोसलं हो", तेव्हा तुमचेही डोळे भरले होते. दोन्ही किडन्या, लिव्हर आणि बुबुळं मात्र पोचली. कोणाला ते आम्हाला सांगत नाहीत, आणि वहिनी म्हणते तेच बरं आहे.

त्या रात्री रक्ताचे नमुने घेऊन पळणारे मामा, लॅबमधली ती मुलगी, टेस्ट करणारे दोन्ही डॉक्टर, सगळ्यांना आमच्या घरच्यांचा नमस्कार सांगा. आणि सिस्टर, ड्युटी संपल्यावरही दादाला ओटीत नेईपर्यंत तुम्ही थांबला होतात हे वहिनीने बघितलंय, तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुमची,
दादाची धाकटी बहीण