काळ्या घोड्याचं नाव

दांडिया बाजार, बडोदे

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांची होतीस. काळाघोडा चौकात पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलंस, "आई, याचं नाव काय?" मी म्हटलं, सयाजीराव महाराज. तू पाय आपटलास, "वरच्यांचं नाही, घोड्याचं!" ते मला आजही माहीत नाही. पण सयाजीराव नावाचा एक घोडा खरंच होता, आणि तो तुझ्या शेफिल्डजवळच्या डॉनकास्टरलाच पळून जिंकला.

त्याच्या थोरल्या भावापासून सांगते. त्याचं नाव दांते. आई रोझी लेजंड, बाप निअर्को. 1943 साली हे शिंगरू विक्रीला उभं केलं, मालकाला किमान 3,500 गिनी (तिकडचं जुनं चलन) हव्या होत्या, तेवढी बोली काही चढली नाही. आल्या पावली घरी. त्याच दांतेने 1945 ची डर्बी, म्हणजे इंग्लंडची मानाची शर्यत, मारली! मग त्याच आईबापांच्या धाकट्याचा भाव काय विचारतेस. आपल्या प्रतापसिंहराव महाराजांनी त्याच्यासाठी 28,000 गिनी मोजल्या. वर्षाच्या शिंगराला तोवर एवढी किंमत कुणी दिली नव्हती. नाव ठेवलं आपल्या आजोबांचं, सयाजीराव.

इथे माझा जीव अडकतो, रेवा. आजोबांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माझी पणजी त्यामुळेच पाटी घेऊन शाळेत गेली. आणि नातवाने एका शिंगरापायी एवढी रक्कम ओतली. मला ते पटलेलं नाही, पटणारही नाही. 1951 साली सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली.

पण त्यात मुक्या जनावराचा काय दोष? 1947 च्या 'टू थाउजंड गिनीज' नावाच्या शर्यतीत तो तिसरा आला, डर्बीतही तिसराच. एवढा महागडा घोडा आणि तिसरा! त्याला लांबचा पल्ला हवा होता. आयर्लंडची डर्बी त्याने जिंकली, आणि सप्टेंबरात डॉनकास्टरची सेंट लेजर. 1776 पासून चालत आलेली ही शर्यत पावणेदोन मैलांहून थोडी जास्तच आहे. पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी, शेजारी आर्बर हा घोडा अगदी खेटून. आपला सयाजीराव फक्त मुंडीभर पुढे राहिला. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना उलटत होता, आणि तिकडे बडोद्याचं नाव पुकारलं जात होतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज जिंकली, पण माझं मन धाकट्या भावातच गुंतलंय.

आगगाडीने डॉनकास्टर अर्ध्या तासावर आहे म्हणालीस ना? एखाद्या रविवारी जा. शेवटच्या सरळ पट्ट्याचा फोटो काढ, गवत नीट दिसू दे. मी तो घेऊन काळ्या घोड्यापाशी जाऊन येईन.

स्वेटर घालून जा.

तुझी,
आई